बाही

चैत्र अर्धा सरला होता,
पत्र्याखाली बसून आमचे मेंदू कढत होते,
आणि चौथीतला सिद्धोधन
निळ्या स्वेटरची बाही मनगटापर्यंत ओढून
सतराचा पाढा म्हणत होता.
थंडी वाजते का रे, विचारलं.
व्हय बाई, म्हणाला.
वर्ग हसला. मीही हसले थोडी.
ते हसू अजून माझ्या अंगावर आहे.

सतरा पंचे पंच्याऐंशीपाशी तो अडला,
पट्टी बाहीत घालून खाजवू लागला,
डोळे मिटून,
म्हैस बाभळीला पाठ घासते
तितक्या तल्लीनपणे.

मी बाही वर केली.
कोपराखाली तीन गोल.
कडेला लाल पुरळाची वेलबुट्टी,
मधे कातडी भुरकट, कोंडा सुटलेली.
एकाभोवती शाईची रेघ.
"आज्यानं लिवलंय. रेघंच्या भायेर जात न्हाई म्हणं."
नायटा तर रेघ ओलांडून
केव्हाच पुढं गेला होता.
त्याला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

टाकळ्याचा पाला झाला होता. चुना झाला होता.
एकदा रॉकेल.
मग धारूरच्या मेडिकलातली ट्यूब,
काउंटरवरच्या पोरानं हात न बघताच दिलेली:
आठ दिवसांत गायब, पंधराव्या दिवशी दुप्पट.
तीच बहिणीनं लावली, मग आईनं,
मग शेजारच्या तस्लीमनं.
आहेराच्या टोपीसारखी
ट्यूब गल्लीभर फिरली.

मी शहाणी.
मी त्याला खिडकीशी एकटं बसवलं.
बरा होईस्तोवर, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी मुली फुगडी घालताना
हातांऐवजी रुमालाची टोकं धरत होत्या,
आणि खिचडीच्या रांगेत
त्याच्या पुढं हातभर, मागं हातभर
जागा मोकळी होती.
ही मोजणी मी फळ्यावर न घेता शिकवली.
त्या हातभर जागेला गावात जुनं नाव आहे.
ते मी लिहिणार नाही.

शनिवारी भांडी घासताना बांगडी सरकली.
खाली रुपयाएवढा गोल.
आठवडाभर मी त्याला घामोळं म्हणत होते.
रविवारी ट्रंकेतून पूर्ण बाहीचा ब्लाउज काढला,
इस्त्री केली, घातला,
आरशात पाहिलं.
मग घडी करून परत ठेवला.

सोमवारी परिपाठानंतर हात पुढं केला.
हे बघा, म्हटलं.
बराच वेळ नुसती पत्र्याची कडकड.
मग तस्लीमनं गुडघा दाखवला,
वैजनाथनं मान खाली घालून
टाळूवरचा केस गेलेला ठिपका,
एकीनं माझ्या कानात सांगितलं,
नाडीच्या खाली, बाई.
छत्तीसांत अकरा. बारावी मी.
सिद्धोधन खिडकीतून बोटं मोजत होता.

बुधवारी तपासणीची गाडी आली.
टॉवेल वेगळा ठेवा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
कपडे रोज धुवा, उलटे करून उन्हात घाला,
खाज थांबली तरी मलम महिनाभर.
तस्लीमची आई ओट्यावरून म्हणाली,
"टँकर आठव्या दिशी येतो.
डिरेस एकच हाय. राती धुते,
सकाळी वलाच चढवते अंगावर.
ऊन तेवढं हाय आमच्याकडं, म्याडम.
पायजे तर घेऊन जावा."
डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

मी ठरवलं, गणवेश फक्त शुक्रवारी.
हेडसर म्हणाले, साहेब आले तर?
म्हटलं, साहेबांना हात दाखवीन.

आता सिद्धोधन माझ्या टेबलाला लागून बसतो.
स्वेटर घरी आहे, त्यात मांजर व्यालीय म्हणाला.
हजेरीआधी तो माझं मनगट उजेडात धरतो.
"लावलं का?"
लावलं.
"राती?"
राती विसरले.
जीभ टाळ्याला लावून च्यक् करतो,
अगदी माझ्यासारखं.
"उलीशी कड ऱ्हायलीय," म्हणतो,
"आजून अकरा दिस. खाजवू नगा, बाई."